अंक छापतात कुठे, बातमीदार राहतो कुठे

डिसेंबर २०२५ मध्ये मिनियापोलिस शहरातला ‘स्टार ट्रिब्यून’चा छापखाना बंद झाला. मिसिसिपी नदीजवळ, नॉर्थ लूप या जुन्या वखारींच्या वस्तीत १९८७ साली तो सुरू झाला होता. त्याचं नाव हेरिटेज. तिथल्या सव्वाशे माणसांचं काम गेलं. मिनेसोटा राज्यातलं हे सर्वांत मोठं दैनिक आता शेजारच्या आयोवा राज्यात, डे मॉइन शहरात छापलं जातं आणि सुमारे चारशे किलोमीटर ट्रकने प्रवास करून पहाटे मिनियापोलिसला पोहोचतं.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुण्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. पोटासाठी शाळेत शिकवायचो आणि जोडीने बातमीदारी करायचो. निवृत्तीनंतर मुलीकडे, मिनियापोलिसजवळच्या ब्लूमिंग्टनमध्ये राहतो. छापखाना बंद होण्याची बातमी इथल्या शेजाऱ्यांना उद्योगाच्या पानावरची वाटली. मला ती माझ्या धंद्यातली वाटली. मी जितकी वर्षं लिहिलं तितकी वर्षं माझा अंक माझ्या गावापासून दोनशे किलोमीटरवर छापला जात होता. दूर छापलेल्या वर्तमानपत्राने गावाचं काय जातं आणि काय राहतं, हे मी आतून पाहिलं आहे. म्हणून इथला इतिहास मी त्याच नजरेने वाचला.

मिनेसोटात छापखाना आधी आला, राज्य नंतर झालं. ३ मार्च १८४९ रोजी अमेरिकन काँग्रेसने मिनेसोटाला स्वतंत्र प्रदेश म्हणून मान्यता दिली. दोन महिनेही उलटले नव्हते, तोच २८ एप्रिलला सेंट पॉल इथे जेम्स गुडह्यू या माणसाने ‘मिनेसोटा पायोनियर’चा पहिला अंक काढला. त्याचं छपाईयंत्र आगबोटीने मिसिसिपीतून वर आलं होतं. पुढच्याच वर्षी गिडियन पाँड या मिशनऱ्याने ‘डकोटा फ्रेंड’ हे डकोटा आणि इंग्रजी अशा दोन भाषांतलं पत्र सुरू केलं. राज्याचा पूर्ण दर्जा मिळायला १८५८ साल उजाडलं.

इतक्या विरळ वस्तीत छापखाना चालत कसा असेल, याचं मला कुतूहल होतं. उत्तर जमिनीत सापडलं. सरकारी जमीन कसून ती आपल्या नावावर कायम करून घ्यायची असेल, तर शेतकऱ्याला त्याची जाहीर नोटीस छापावी लागे, आणि तीही जमिनीच्या सर्वांत जवळ निघणाऱ्या वर्तमानपत्रात. शेजाऱ्याला हरकत घ्यायची असेल तर त्याच्या नजरेला ती पडली पाहिजे, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे एका हातयंत्रावर आणि खिळ्यांच्या दोन-चार केसवर चालणारी पत्रं माळरानावर जागोजाग निघाली. संपादक, जुळारी, मशीनमन आणि वर्गणी वसूल करणारा, असा सगळा कारभार बहुधा एकाच घरात असे. आमच्याकडच्या तालुक्याच्या साप्ताहिकांचंही तेच. मामलेदार कचेरीच्या आणि कोर्टाच्या नोटिसा, लग्नपत्रिकांचं जॉबकाम आणि एक ट्रेडल, यांवर कित्येक संपादकांनी हयात काढली. छापखाना गावात असला की वर्तमानपत्र गावाच्या व्यवहारात गुंतलेलं राहतं. ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

पण दूर छापण्याची सुरुवात अमेरिकेत आपल्याला वाटते त्याहून फार जुनी आहे. १८६१ साली यादवी युद्ध पेटलं. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात बॅराबू नावाच्या गावी अॅन्सेल केलॉग हा एक साप्ताहिक चालवत होता. त्याचा जुळारी सैन्यात भरती झाला आणि चार पानं भरायला माणूस उरला नाही. केलॉगने मॅडिसनच्या दैनिकाकडून युद्धाच्या बातम्या एका बाजूला छापलेले कागद मागवले आणि कोऱ्या राहिलेल्या दुसऱ्या बाजूवर आपल्या गावाचा मजकूर छापला. ही युक्ती त्याला इतकी पटली की १८६५ साली शिकागोला जाऊन त्याने तिचाच धंदा उभारला. अर्धे छापलेले कागद रेल्वेने शेकडो गावांना जाऊ लागले. त्या तयार पानांवर क्रमशः कादंबरी, शेतीचा सल्ला, स्वयंपाकाच्या कृती, देशोदेशीच्या बातम्या आणि औषधांच्या जाहिराती असत. पुढे वेस्टर्न न्यूजपेपर युनियन ही कंपनी या व्यवसायातली सर्वांत मोठी झाली आणि १९५२ पर्यंत तिने अशी पानं पुरवली. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं अमेरिकेतल्या असंख्य लहान गावांचा निम्मा अंक परगावी, पुष्कळदा परराज्यात छापला जात होता.

या व्यवस्थेत मला एक शहाणपण दिसतं. जे आठवडाभर उशिरा वाचलं तरी चालतं ते दूर छापायचं, आणि जे आजच कळायला हवं ते घरच्या यंत्रावर छापायचं. कादंबरीचं प्रकरण शिकागोहून आलं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पूल वाहून गेला, शाळेचा मास्तर बदलला, गव्हाचा भाव पडला, कोण वारलं, हे सगळं मात्र गावातला माणूस गावातच खिळ्यांनी जुळवत होता. आज नेमकी तीच दुसरी बाजू, गावाच्या मजकुराची, राज्याबाहेर गेली आहे.

मोठ्या शहरांतल्या दैनिकांची वाट वेगळी होती. १८४० च्या दशकात रिचर्ड हो याने रोटरी यंत्र आणलं. १८८६ साली ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये ऑटमार मर्गेनथेलरचं लायनोटाइप बसलं आणि एकेक खिळा हाताने जुळवण्याऐवजी ओळीच्या ओळी शिशात ओतल्या जाऊ लागल्या. एवढ्या वेगाने छापता येतं म्हटल्यावर दैनिकं रात्र जागू लागली. लांबच्या गावांसाठी पहिली आवृत्ती, उपनगरांसाठी दुसरी, शहरासाठी शेवटची. पानाच्या कोपऱ्यात तारे किंवा ‘फायनल’ असा शब्द छापून हा अंक कितव्या फेरीचा आहे ते सांगितलं जाई. खाली तळघरात यंत्रं सुरू झाली की वर संपादक खात्याच्या जमिनीला कंप जाणवायचा. मशीनमन कोऱ्या न्यूजप्रिंटची घडी घालून चौकोनी टोप्या करत आणि शाई-तेलापासून केस जपत. अमेरिकेतल्या छापखान्यांची ही टोपी त्या कामगारांची खूणच बनली होती.

आवृत्त्यांची ही विभागणी आमच्याकडेही होती. पुण्याच्या दैनिकाची डाक आवृत्ती लवकर बंद व्हायची, मग ती एसटीने आणि रेल्वेने जिल्ह्याजिल्ह्यांत जायची. शहर आवृत्ती मध्यरात्रीनंतर छापायची. आम्ही विट्याचे लोक कायमचे डाक आवृत्तीचे वाचक. मार्च १९७७ मध्ये लोकसभेची मतमोजणी झाली तेव्हा रायबरेलीतून इंदिरा गांधी पडल्याचं आम्हाला रेडिओने सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर गठ्ठा सुटला तेव्हा आमच्या अंकात मतमोजणी चालू असल्याचीच बातमी होती. पुण्यातल्या वाचकाच्या हातात निकाल होता. किंमत त्याने दिली तेवढीच आम्ही दिली, पण आम्हाला मिळाली ती अर्धी रात्र.

बातमी उलट दिशेने पाठवणंही तसंच. कराडमार्गे पुण्याला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचं. ते स्वारगेटला उतरवून घ्यायला कचेरीतला माणूस यायचा. गाडी चुकली तर बातमीला एक दिवसाचा उशीर. फार तातडीचं असलं तर पोस्टात जाऊन तार करायची, नाहीतर ट्रंक कॉल लावून तो लागेपर्यंत बाकावर बसून राहायचं. दुष्काळी कामावर मजुरी थकली, टँकर आला नाही, बाजार समितीत मारामारी झाली, या बातम्या मी याच वाटेने पाठवल्या. त्या छापून यायच्या, लोक कात्रण घेऊन मामलेदाराकडे जायचे आणि कधीकधी मजुरी मिळायची. एक दिवस उशिरा का होईना, पण मिळायची.

छापखाना वाचकाच्या जवळ नेण्याचं स्वप्न दोन्ही देशांत जवळजवळ एकाच काळात पुरं होऊ लागलं. शिशाचे खिळे जाऊन ऑफसेट आली. पान तारेने किंवा उपग्रहाने दुसऱ्या गावी पाठवता येऊ लागलं. मद्रासच्या ‘द हिंदू’ने १९६३ पासून अंक पोहोचवायला स्वतःची विमानं वापरली आणि १९६९ मध्ये फॅक्सिमिली पद्धतीने पानं पाठवून कोइमतूरला छापायला सुरुवात केली. अमेरिकेत गॅनेट कंपनीने १५ सप्टेंबर १९८२ रोजी ‘यूएसए टुडे’ काढलं आणि त्याची पानं उपग्रहामार्फत देशभरच्या छापखान्यांत पोहोचवली. एकच अंक एकाच रात्री अनेक राज्यांत, वाचकाच्या शक्य तितक्या जवळ छापायचा, हा त्यातला विचार होता.

महाराष्ट्रात नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते आणि अमेरिकन वर्तमानपत्रं त्यांनी जवळून पाहिली होती. वाचकाच्या रोजच्या जगण्याशी जोडलेल्या, गल्लीबोळातल्या आणि खेड्यातल्या बातमीला पहिल्या पानाची प्रतिष्ठा देण्याचं वळण त्यांनी मराठी दैनिकाला लावलं. त्याच ‘सकाळ’ची कोल्हापूर आवृत्ती १९८० मध्ये निघाली. ‘लोकमत’ने १९८२ मध्ये औरंगाबादला आवृत्ती काढली. पुढच्या वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत हे लोण पसरलं. विट्याला सकाळी येणाऱ्या अंकात आदल्या रात्रीची बातमी दिसू लागली, तेव्हा चहाच्या गाड्यावरची चर्चा बदलली हे मी पाहिलं. कालच्या सभेबद्दल आज बोलता येतं, आणि आज बोललं तर उद्या काही करता येतं.

अमेरिकेत मात्र त्याच तंत्राने पुढे उलटी वाट धरली. पान कुठूनही कुठेही क्षणात पाठवता येतं म्हटल्यावर, जवळ छापणं जसं शक्य झालं तसंच दूर छापणंही शक्य झालं. पैसा होता तोवर पहिली शक्यता वापरली गेली. पैसा आटला तशी दुसरी.

पैसा कसा आटला, ते थोडक्यात सांगतो. १९८४ च्या सुमारास अमेरिकेत रोज सहा कोटींहून अधिक दैनिकं खपत. २०२२ पर्यंत, डिजिटल वर्गणीदार धरूनही, तो आकडा दोन कोटींच्या आसपास आला. वर्तमानपत्रांचं जाहिरातींचं वार्षिक उत्पन्न २००५ मध्ये ४९ अब्ज डॉलरच्या घरात होतं. २०२२ मध्ये ते १० अब्जांच्याही खाली गेलं. घर भाड्याने देणे, जुनी मोटार विकणे, नोकर पाहिजे, अशा छोट्या जाहिरातींवर इथली दैनिकं श्रीमंत झाली होती. त्या सगळ्या इंटरनेटवर गेल्या. २००५ नंतरच्या वीस वर्षांत देशातली एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रं बंद पडली.

छापखाना ही वर्तमानपत्राची सर्वांत जड मालमत्ता. यंत्र दहा हजार अंक छापो की पाच लाख, त्याची जागा, वीज, देखभाल आणि कुशल माणसं लागतातच. ‘स्टार ट्रिब्यून’चा रविवारचा अंक नव्वदच्या दशकात सहा लाखांहून अधिक घरांत जात होता आणि हेरिटेजचा छापखाना त्या मापाने बांधलेला होता. बंद होताना तो आपल्या क्षमतेच्या एक पंचमांशही काम करत नव्हता. शेजारच्या सेंट पॉलचं ‘पायोनियर प्रेस’, म्हणजे गुडह्यूच्या त्या पहिल्या पत्राचं वारस, तेही २०१४ पासून प्रतिस्पर्ध्याच्या याच यंत्रांवर छापून घेत होतं. तरी यंत्रांना पुरेसं काम नव्हतं.

एकेका शहराचं नाव घेतलं की या बदलाचा आवाका कळतो. ‘कॅन्सस सिटी स्टार’ने २००६ मध्ये भर शहरात काचेचा भव्य छापखाना उभारला होता. जवळजवळ वीस कोटी डॉलर खर्चून बांधलेल्या त्या इमारतीत रस्त्यावरून जाणाऱ्यालाही यंत्रं फिरताना दिसत. पंधरा वर्षंही झाली नाहीत तोच मिसुरीतलं हे दैनिक आयोवात, डे मॉइनला छापायला गेलं. फिनिक्सचं ‘अॅरिझोना रिपब्लिक’ २०२१ मध्ये नेवाडातल्या लास व्हेगासला गेलं. मिलवॉकीचं ‘जर्नल सेंटिनेल’ २०२२ मध्ये इलिनॉयमधल्या पिओरियाला गेलं. केंटकीतल्या लुईव्हिलचं ‘कूरियर जर्नल’ २०२१ मध्ये इंडियानापोलिसला छापायला नेलं. तीन वर्षांत इंडियानापोलिसचाच छापखाना बंद झाला आणि तिथलं ‘स्टार’सुद्धा पिओरियाला गेलं. ऱ्होड आयलंडचा ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्सला गेला. दुसऱ्याच्या अंगणात छापायला गेलेल्या पत्राला तिथूनही कधी उठावं लागेल याचा नेम नाही, हे लुईव्हिलने दाखवलं.

मिनियापोलिस आणि डे मॉइन यांचं नातं तर विशेष आहे. डे मॉइनचं ‘रजिस्टर’ १९०३ साली गार्डनर काउल्स यांनी विकत घेतलं आणि त्याला आयोवाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवलं. त्याच काउल्स घराण्याने १९३५ मध्ये ‘मिनियापोलिस स्टार’ घेतला आणि पुढे ‘ट्रिब्यून’ही. डे मॉइनच्या पैशाने आणि अनुभवाने मिनियापोलिसचं दैनिक मोठं झालं. १९८५ मध्ये ‘रजिस्टर’ गॅनेटला विकलं गेलं. १९९८ मध्ये मिनियापोलिसचं पत्रही घराण्याच्या हातून गेलं. मग एका गुंतवणूक कंपनीकडे, २००९ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात, आणि २०१४ मध्ये ग्लेन टेलर या स्थानिक उद्योगपतीकडे. २०२४ मध्ये पत्राने ‘मिनेसोटा स्टार ट्रिब्यून’ असं नाव घेतलं. आणि आता ते डे मॉइनला, गॅनेटच्या यंत्रांवर छापलं जातं. उपग्रहाने पानं पाठवून देशभर छापणारी हीच ती कंपनी. तिनेही २०२५ च्या नोव्हेंबरात आपलं नाव बदलून ‘यूएसए टुडे कंपनी’ केलं.

चारशे किलोमीटरचे तास किती होतात, याचा हिशोब तालुका वार्ताहराला पाठ असतो. इथे अंक मुलं सायकलवरून टाकत नाहीत. मोठी माणसं रात्री स्वतःची मोटार घेऊन निघतात आणि घरोघर टाकत जातात. सहाच्या आत दारात अंक हवा असेल तर त्यांच्या हाती गठ्ठे तीन-साडेतीनला पडले पाहिजेत. डे मॉइनहून ट्रकला साडेतीन-चार तास लागतात. चढवणं-उतरवणं धरलं तर ट्रक अकराच्या सुमारास निघायला हवा. त्याआधी छपाई, त्याआधी अॅल्युमिनियमच्या प्लेटा, त्याआधी पानं. म्हणजे संध्याकाळी सात-आठनंतर शहरात जे घडेल ते उद्याच्या छापील अंकात येणं कठीण. शिवाय हिवाळ्यात आयोवाच्या सीमेवरच्या उघड्या माळावर वारा बर्फ उडवू लागला की समोरची गाडी दिसत नाही. मग हमरस्ताच बंद करतात.

आठवून पाहू, या शहराच्या कोणत्या रात्री छापल्या गेल्या. हेरिटेज सुरू झालं त्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री, मिनेसोटा ट्विन्सनी इथल्या मेट्रोडोममध्ये सातवा सामना जिंकून बेसबॉलची वर्ल्ड सिरीज मिळवली. १ ऑगस्ट २००७ ला संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी मिसिसिपीवरचा हमरस्त्याचा पूल गर्दीच्या वेळी नदीत कोसळला आणि तेरा माणसं गेली. तो पूल छापखान्यापासून अगदी थोड्या अंतरावर. असा पूल आज कोसळला तर पहिली खबर घाईघाईने छापली जाईलही. पण रात्री अकरापर्यंत दवाखान्यांतून, नदीकाठावरून, घरोघरच्या नातेवाइकांकडून जे कळत जातं, ते छापील पानावर परवाच येईल. निवडणुकीचंही तसंच. मिनेसोटात मतदान संध्याकाळी आठला संपतं. गॅनेटने तर २०२२ सालीच आपल्या पत्रांतून वाचकांना सांगितलं होतं की मतदानानंतरच्या सकाळच्या छापील अंकात निकाल नसेल. हे वाचलं तेव्हा मला विट्याच्या स्टँडवरचा १९७७ चा गठ्ठा आठवला. आम्ही जे खेड्यात असल्यामुळे सोसलं, ते आता लाखोंच्या शहराच्या वाट्याला आलं आहे.

फोनवर सगळं मिळतं, मग काय बिघडलं, असं माझा जावई विचारतो. त्याचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. तो रात्री दहाला निकाल वाचून झोपतो. पण आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं छापील अंकच वाचतात. मृत्यूच्या नोंदी, चर्चमधल्या प्रार्थनेची वेळ, नगरपालिकेच्या सभेचं वृत्त त्यांना तिथेच भेटतं. त्यांनीच सर्वांत जास्त वर्षं वर्गणी भरली, आणि रात्र आखडली तीही त्यांचीच.

तरीही, राज्याची सीमा ओलांडली म्हणून वर्तमानपत्र परकं होतं, असं मी म्हणणार नाही. बेळगावचा ‘तरुण भारत’ बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये काढला. राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव वेगळ्या राज्यात राहिलं, तरी चंदगडच्या मराठी वाचकाला तिथे छापलेलं पत्र आपलंच वाटतं. कारण त्याच्या गावचा बातमीदार त्याच्याच गावात राहतो, त्याच बाजारात भाजी घेतो, आणि काही चुकीचं छापलं तर दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडावर उभा राहतो.

माझ्या सगळ्या वार्ताहरकीतून मी एवढंच शिकलो. माझा अंक दोनशे किलोमीटरवर छापला जात होता आणि तरीही तालुक्याला ते पत्र आपलं वाटत होतं. लांबच्या छापखान्याने आमची रात्र नेली, पण गाव नेलं नाही. बातमीदार नसता तर मात्र पुण्याचं ते पत्र आम्हाला शेजारच्या गल्लीत छापूनही उपयोगाचं नव्हतं. मजुरी थकल्याची बातमी कुणी लिहिलीच नसती, मग ती किती वाजता छापली याला काय अर्थ?

म्हणून इथल्या बदलाकडे पाहताना मी एकच प्रश्न विचारतो. छापखान्यात वाचलेला पैसा गेला कुठे? ‘स्टार ट्रिब्यून’च्या मालकांनी सांगितलं की यातून दरवर्षी काही दशलक्ष डॉलर वाचतील. ते पैसे डुलुथच्या बंदरावर, रॉचेस्टरच्या इस्पितळांत, उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींच्या गावांत माणसं ठेवायला वापरले गेले, तर सव्वाशे कामगारांच्या त्यागातून काहीतरी उभं राहिलं असं म्हणता येईल. दुसरं उदाहरणही याच शहराभोवती आहे. एप्रिल २०२४ मध्ये एका गुंतवणूक कंपनीने मिनियापोलिसच्या परिसरातली आणि जवळपासची आठ गावपत्रं एकदम बंद केली. शकोपी, चास्का, हचिन्सन अशा गावांची ही पत्रं होती. काहींना शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास होता. तिथे छापखाना दूर जाण्याचा प्रश्नच उरला नाही. नगरपालिकेच्या सभेत पाठीमागच्या खुर्चीवर बसून टिपणं घेणारा माणूसच गेला.

वाचक म्हणून आपल्याला दोन गोष्टी मागता येतात, आणि त्या मागायला हव्यात. पहिली अशी की आवृत्तीचे तारे जसे पूर्वी पानावर छापत, तशी पान बंद झाल्याची वेळ रोज पहिल्या पानावर छापावी. ‘हा अंक संध्याकाळी इतक्या वाजता पूर्ण झाला’ एवढी एक ओळ पुरे. वाचकाला कळू दे की यात कोणती रात्र आहे आणि कोणती नाही. ज्याने पूर्ण किंमत दिली त्याला हे जाणून घेण्याचा हक्क आहे, आणि लपवण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरी मागणी त्याहून महत्त्वाची. छपाईतून वाचलेल्या पैशात किती बातमीदार, कोणत्या गावांत नेमले, हे पत्राने वर्षातून एकदा गावांच्या नावांसह छापावं. पत्राच्या यंत्रांचा ठावठिकाणा आता वाचकाच्या हातात राहिलेला नाही. बातमीदार कुठे राहतो हे मात्र त्याने विचारत राहिलं पाहिजे. मी दारातला अंक उघडला की आधी बातमीखालचं गावाचं नाव बघतो. ते नाव जोवर तिथे राहणाऱ्या माणसाच्या बातमीवर छापलं जातं, तोवर मी वर्गणी भरेन, आणि शेजाऱ्यांनाही भरायला सांगेन.